आठाच्या जागी दहा

जुन्या रेडिओच्या दुरुस्तीत नवा माणूस पहिल्यांदा अडतो तो दुकानाच्या काउंटरवर. हातात मेणचट, लेबल करपलेला जुना कंडेन्सर असतो. त्यावर ‘८ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्ट’ असं जेमतेम वाचता येतं. दुकानदार म्हणतो, आठ येत नाही, दहा घेऊन जा. आणि हातावर जे ठेवतो ते जुन्याच्या पाव आकाराचंही नसतं. गिऱ्हाईक बुचकळ्यात पडतं. आठाच्या जागी दहा चालतील का? आणि एवढ्याशा डबीत तेवढाच दम कुठून येणार?

पहिल्या शंकेचं उत्तर सोपं आहे. आठ, सोळा, बत्तीस, पन्नास ही जुनी मापं होती. आज कारखाने १०, १५, २२, ३३, ४७, ६८ अशा ठरलेल्या पायऱ्यांवर माल काढतात. म्हणून आठाच्या जागी दहा, सोळाच्या जागी बावीस, बत्तीसच्या जागी तेहतीस आणि पन्नासच्या जागी सत्तेचाळीस. आणि जुना ‘आठ’ तरी कुठे काटेकोर आठ होता? फिल्टरच्या कंडेन्सरला उणे २० ते अधिक ५० टक्के इतकी सूट सर्रास असे. म्हणजे नवा कोरा असतानाही तो साडेसहा भरला असता किंवा बारा, आणि दोन्ही वेळा कारखान्याच्या तपासणीत पासच झाला असता.

आकाराचं उत्तर अॅल्युमिनियमच्या पत्र्यात आहे. आत गुंडाळलेला पत्रा आता रसायनाने कोरून इतका खडबडीत करतात, की तेवढ्याच पट्टीचा पृष्ठभाग कित्येक पटींनी वाढतो. पृष्ठभाग वाढला की धारणशक्ती वाढते, आणि डबी लहान होते.

तेव्हा हे दोन्ही प्रश्न काउंटरवरच सुटतात. तिसरा प्रश्न मात्र तिथे सहसा कुणी विचारत नाही, आणि कंडेन्सरची निवड खरी ठरते ती त्यावर: हा नवा कंडेन्सर उद्या बिघडला, तर जाताना सोबत काय काय घेऊन जाईल?

टेबलावरचा सेट

पुण्यात बुधवार पेठेजवळ, एका जुन्या इमारतीच्या माळ्यावर, व्हॉल्वचे रेडिओ अजून दुरुस्त होतात. तिथल्या मेकॅनिकना सगळे काका म्हणतात. टेबलावर त्या दिवशी पाच व्हॉल्वचा एक सेट उताणा ठेवलेला होता: ईसीएच ८१, ईएफ ८९, ईबीसी ८१, ईएल ८४ आणि रेक्टिफायर ईझेड ८०. साठच्या दशकातल्या मेन्सवर चालणाऱ्या रेडिओंत अशी जोडणी घरोघर होती. मर्फीचा कारखाना ठाण्यात होता, नेल्को मुंबईत, फिलिप्सचं उत्पादन पुण्याजवळ लोणी काळभोरलाही चालायचं. आणि व्हॉल्व बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे मिळत. त्यामुळे महाराष्ट्रातल्या माळ्यांवर हे सेट अजून निघतात. आजोबांचा रेडिओ पुन्हा वाजवायचा, म्हणून नातू तो घेऊन येतो.

‘‘काका, सगळेच कंडेन्सर बदलून टाका ना एकदम,’’ सेट घेऊन आलेला मुलगा म्हणाला.

‘‘सगळे कशाला? जे बदलायचे ते बदलतोच, आणि जे ठेवतो ते का ठेवले तेही सांगतो,’’ काकांनी सेटमधून मान वर न करता उत्तर दिलं.

सेट उलटा केला की कंडेन्सरांच्या चार जाती दिसतात. अॅल्युमिनियमची उभी नळी म्हणजे फिल्टरचा इलेक्ट्रोलिटिक. मेणात किंवा डांबरासारख्या पदार्थात बंद केलेल्या आडव्या नळ्या म्हणजे कागदी कंडेन्सर. चपट्या तपकिरी वड्या अभ्रकाच्या. आणि बारीक नळ्या किंवा बटणं सिरॅमिकची. वय सगळ्यांचं एकच, पण म्हातारपण प्रत्येकाला वेगळं आलेलं असतं.

कागदी कंडेन्सरचा शत्रू दमट हवा. दोन पत्र्यांमधला कागद मेणाने कितीही माखला, तरी टोकांकडून पन्नास-साठ पावसाळे आत शिरतातच. कोकणातला सेट आणि सोलापूरचा सेट यांत फरक असतो, पण तो उरलेल्या आयुष्याचा. दोन्हींतला कागद शेवटी झिरपायला लागतोच. इलेक्ट्रोलिटिकचं दुखणं उलटं: तो सुकतो. त्यात पत्र्यावरचा ऑक्साइडचा थर हाच खरा रोधक असतो, आणि त्याची जाडी एका व्होल्टला जेमतेम दीड नॅनोमीटर. म्हणजे ४५० व्होल्ट अडवायला अर्ध्या मायक्रॉनहून थोडा जाड थर. तो थर टिकवून धरण्याचं काम आतल्या ओल्या रसायनाचं. सेट वर्षानुवर्षं बंद राहिला की थर झिजतो. रबराच्या बुचातून ओल उडून गेली की धारणशक्तीही जाते.

अभ्रक आणि चांगलं सिरॅमिक मात्र बहुतेक वेळा पहिल्या दिवसासारखंच असतं. म्हणून ‘सगळेच बदला’ हा सल्ला ऐकायला सोयीचा, पण तो सेटकडे न पाहता दिलेला असतो.

शंभर व्होल्ट आणि एक कागद

काकांनी सगळ्यात आधी हात घातला तो ईएल ८४च्या ग्रिडपाशी बसलेल्या कागदी कंडेन्सरला. सर्किटमध्ये याला कपलिंग म्हणतात. आधीच्या व्हॉल्वच्या प्लेटवर शंभरेक व्होल्ट डीसी असतात, आणि त्यावर आवाजाचा अगदी लहानसा एसी. कंडेन्सरने आवाज पुढे सोडायचा आणि शंभर व्होल्ट अडवायचे, एवढंच त्याचं काम.

मल्टिमीटरवर तो ठणठणीत निघाला. व्हॅल्यू ०.०१ मायक्रोफॅरडपेक्षा किंचित जास्तच. नवखा माणूस इथेच फसतो. मीटर धारणशक्ती मोजतो ती एक-दोन व्होल्टवर. कागदाची गळती दिसते ती शंभर व्होल्टवर. उलट झिरपणारा कंडेन्सर कित्येकदा मीटरला जास्त ‘भरलेला’ वाटतो.

मग काकांनी ग्रिडकडचा पाय सोडवला, मोकळ्या पायापासून चॅसिसपर्यंत डीसी व्होल्टमीटर लावला आणि सेट सुरू केला. मीटरचा स्वतःचा रोध १० मेगओहम. कंडेन्सर निर्दोष असता तर काटा क्षणभर हलून शून्यावर आला असता. तो तेहतीसवर जाऊन थांबला. हिशेब सरळ आहे: शंभरातले तेहतीस मीटरवर पडले, म्हणजे कागदाचा रोध उरला फक्त २० मेगओहम. जो शेकडो, हजारो मेगओहम असायला हवा, तो.

वीस मेगओहम ऐकायला मोठा आकडा वाटतो. पण ग्रिडपासून चॅसिसपर्यंत ६८० किलोओहमचा रोध आहे. पाय पुन्हा जोडला की या दोघांत शंभर व्होल्टची वाटणी होते आणि ग्रिडवर साधारण सव्वातीन व्होल्ट धन दाब येऊन बसतो. ईएल ८४ला हवा असतो सव्वासात व्होल्टच्या आसपास ऋण दाब. तेवढ्यावर तो २५० व्होल्टला ४८ मिलिअँपिअर घेतो, म्हणजे बरोबर १२ वॉट. आणि प्लेटने सोसायची त्याची कमाल मर्यादाही १२ वॉटच आहे. म्हणजे बनवणाऱ्यांनी तो आधीच काठावर चालवलेला. ग्रिडचा दाब एक व्होल्ट हलला तर प्लेटचा प्रवाह अकराएक मिलिअँपिअरने बदलतो. कॅथोडचा रोध ही वाढ बरीचशी आवरतो, तरी प्रवाह साठीच्या पुढे जातो. व्हॉल्व लालसर दिसू लागतो, आउटपुट ट्रान्सफॉर्मरची बारीक तार तापते, आणि तरीही रेडिओ वाजत असतो! आवाज थोडा फाटका, इतकंच. घरचे म्हणतात, जुना आहे, चालायचंच.

म्हणून या जागेला दुरुस्तीत पहिला मान. बदलायचा कोणता? इथे व्हॅल्यूची घाई नाही. ०.०१ मायक्रोफॅरड आणि ६८० किलोओहम मिळून २३ हर्ट्झपर्यंतचा आवाज सोडतात, आणि पेटीतला स्पीकर शंभराच्या खाली फारसं काही वाजवत नाही. आठ-दहा टक्के इकडेतिकडे झाल्याचं कानाला कळणारही नाही. महत्त्वाचं ते गळती आणि व्होल्टेज. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन फिल्मचा ६३० व्होल्टचा कंडेन्सर इथे बसवावा. प्लेटवर शंभर व्होल्ट असताना ६३० कशाला? कारण सेट सुरू झाल्यावर काही क्षण, व्हॉल्व गरम होऊन प्रवाह ओढेपर्यंत, एचटी लाइन (प्लेटना मिळणारा उच्च दाबाचा पुरवठा) पूर्ण व्होल्टेजला चढलेली असू शकते, आणि तेव्हा हा कंडेन्सर ते सगळं एकटा अडवत असतो.

दुकानात त्यावर ‘१०३ जे ६३० व्ही’ असं छापलेलं मिळेल: १० आणि पुढे तीन शून्यं, म्हणजे १०,००० पिकोफॅरड, ‘जे’ म्हणजे पाच टक्क्यांची सूट. जुन्या फिलिप्सच्या नकाशात हाच ‘१० के’ असा सापडतो. सोन्याच्या भावाने विकले जाणारे ‘ऑडिओ ग्रेड’ कंडेन्सर इथे लावून आवाज उजळत नाही. काही रुपयांची साधी फिल्म या जागेला पुरेशी आहे.

घरघर कुठून येते

दुसरी जागा फिल्टरची. इथला कंडेन्सर सुकला की सेट घरघरतो. कान तयार असेल तर घरघरीवरूनही अंदाज बांधता येतो. आपल्याकडचा वीजपुरवठा ५० हर्ट्झचा. दोन प्लेटच्या रेक्टिफायरने तो सरळ केला की उरलेली लहर १०० हर्ट्झची होते. खरखरीत, १०० हर्ट्झची घरघर असेल तर संशय फिल्टरवर. मऊ, ५० हर्ट्झचा घुमारा असेल तर आधी हीटरची तार, ग्रिडचं शिल्डिंग किंवा अर्ध्या लहरीचा रेक्टिफायर बघावा.

या जागेला आधी व्होल्टेज ठरवायचं. ट्रान्सफॉर्मरवर २५०-०-२५० लिहिलेलं असलं तरी कंडेन्सर चार्ज होतो तो लहरीच्या टोकाला: २५० गुणिले १.४१, म्हणजे ३५३ व्होल्ट. मेन्स दहा टक्के चढली की ३८९. त्यामुळे ३५० व्होल्टचा कंडेन्सर नेहमीच्या चालीत तरून जाईल, पण सुरुवातीच्या त्या क्षणांत रोज मार खाईल. इथे ४५० व्होल्टच हवा. कुणी ईझेड ८०च्या जागी सिलिकॉन डायोड बसवले असतील तर ही काळजी आणखी मोठी: व्हॉल्व सावकाश गरम होतो म्हणून व्होल्टेज सावकाश चढतं, डायोड बटण दाबताक्षणी सगळं सोडतो.

मग व्हॅल्यू. आठाच्या जागी दहा उत्तम. सोळाच्या जागी बावीसही चालतात. पण ‘जास्त तेवढं बरं’ म्हणून शंभर बसवणारे भेटतात, आणि तिथे गाडं अडतं. रेक्टिफायर व्हॉल्वपुढचा पहिला कंडेन्सर किती मोठा असावा याला मर्यादा आहे: ईझेड ८०ला ५० मायक्रोफॅरड, जीझेड ३४ला ६०. त्यापुढे गेलं की प्रत्येक लहरीच्या टोकाला कंडेन्सर भरताना प्रवाहाचे जे झटके बसतात ते व्हॉल्वच्या कॅथोडला सोसत नाहीत. घरघर जाईल, आणि काही महिन्यांनी रेक्टिफायरही जाईल.

तिसरी गोष्ट तापमानाची. कंडेन्सरच्या अंगावर ८५ किंवा १०५ अंश लिहिलेलं असतं, आणि त्याच्या माहितीपत्रकात तास. दुरुस्तीवाल्यांचा ठोकताळा असा, की तापमान दहा अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट. १०५ अंशांना २००० तासांचा कंडेन्सर ६५ अंशांवर ३२,००० तास चालेल. रोज तीन तास रेडिओ लावला तरी एकोणतीस वर्षं. तोच ८५ अंशांचा, तितक्याच तासांचा घेतला तर ८००० तास, म्हणजे सात-साडेसात वर्षं. व्हॉल्वच्या सेटमध्ये चॅसिसखाली चांगलीच धग असते. दोघांच्या किमतीत फरक थोडा, आयुष्यात चौपट.

जुना इलेक्ट्रोलिटिक वाचवता येतो का, हा शौकिनांचा आवडता वाद. हळूहळू व्होल्टेज चढवून ऑक्साइडचा थर पुन्हा बसवता येतो, हे खरं आहे. पण त्याची रीत आहे. आपल्याकडे मेकॅनिक नवा सेट आधी सिरीज बल्बवर लावतात: मेन्सच्या एका तारेत साठ वॉटचा पिवळा बल्ब. आत शॉर्ट असेल तर बल्ब भक्कन पेटतो आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो. (एलईडी दिवा इथे कामाचा नाही, म्हणून काकांनी तारेचे बल्ब खोक्यात जपून ठेवले आहेत.) तपासणीला हा उपाय अव्वल, पण कंडेन्सर ‘फॉर्म’ करायला नाही. मेन्सचं व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या डिमरस्टॅटनेही ते साधत नाही: त्याने मेन्स शंभर व्होल्टवर धरली तर ईझेड ८०चा हीटर नीट तापतच नाही, तो प्रवाह सोडत नाही, आणि कंडेन्सरला काहीच मिळत नाही. फॉर्म करायचा तर तो सेटमधून सोडवून, वेगळ्या डीसी पुरवठ्यावर, मोठ्या रोधातून, गळती कमी होत जाते का हे बघत. आणि इतकं करूनही ओल उडून गेलेला कंडेन्सर ओला होत नाही. काका त्या भानगडीत पडत नाहीत.

त्यांनी जुनी उभी नळी जागेवरच ठेवली, तिच्या पायांच्या सगळ्या तारा सोडवल्या आणि नवे दोन कंडेन्सर खाली टॅगपट्टीवर बसवले. तारा सोडवणं महत्त्वाचं. जुन्याला नवा समांतर जोडून घरघर थांबते खरी, पण जुना गळत राहतो. तो शॉर्ट झाला की रेक्टिफायर आणि मेन्स ट्रान्सफॉर्मर दोन्ही ओढून नेतो.

मेन्सच्या तारेवर

कपलिंग गेलं तर व्हॉल्व जातो, फिल्टर गेला तर ट्रान्सफॉर्मर जातो. तिसरी जागा अशी आहे की तिथला कंडेन्सर गेला तर माणूस जाऊ शकतो.

यू मालिकेचे व्हॉल्व असलेले एसी-डीसी सेट आपल्याकडे बरेच होते. काही भागांत तेव्हा डीसी वीज होती, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर लावून चालायचं नाही. यूसीएच ८१, यूवाय ८५ असे व्हॉल्व, सगळ्यांचे हीटर एका माळेत, आणि चॅसिस थेट मेन्सच्या एका तारेला. दोन पिनांचा प्लग उलटा बसला की चॅसिसवर पूर्ण २३० व्होल्ट. बाहेरचा माणूस आणि ते चॅसिस यांच्यामध्ये उभे असतात ते एरियल आणि अर्थच्या सॉकेटमधले कंडेन्सर.

अशा जागेला वाय वर्गाचे सुरक्षा कंडेन्सर असतात, आणि मेन्सच्या दोन तारांमध्ये बसतात ते एक्स वर्गाचे. फरक बिघडण्याच्या तऱ्हेचा आहे. एक्स शॉर्ट झाला तर फ्यूज उडेल, एवढंच. वाय शॉर्ट होऊन चालत नाही, म्हणून त्याची परीक्षा कडक: एक्स २ला अडीच हजार व्होल्टचा झटका सोसावा लागतो, वाय २ला पाच हजार, वाय १ला आठ हजार. व्हॅल्यूही इथे मनाला येईल तशी वाढवता येत नाही. ४७०० पिकोफॅरडमधून २३० व्होल्टला साधारण ०.३४ मिलिअँपिअर वाहतो. बोटाला कळत नाही. ०.०५ मायक्रोफॅरड लावला तर साडेतीन मिलिअँपिअर, म्हणजे सणसणीत झिणझिण्या. जुन्या सेटमध्ये मोठी व्हॅल्यू दिसली, तरी ‘होतं तसंच’ इथे लागू नाही.

अनेक जण इथे ४०० व्होल्ट डीसीचा साधा फिल्म कंडेन्सर ठोकून देतात. २३०चं टोक ३२५, म्हणजे ४०० पुरे, असा त्यांचा हिशेब. पण मेन्सवर वरचेवर झटके येतात, आणि डीसीवर तरलेली फिल्म अखंड एसीवर वेगळ्याच ताणाखाली असते. घरातल्या पंख्याच्या अडीच मायक्रोच्या कंडेन्सरवर ‘४४० व्होल्ट एसी’ लिहिलेलं असतं, ते उगाच नाही. सुरक्षा वर्गाची खूण आणि मानक संस्थांचे शिक्के अंगावर नसतील, तो कंडेन्सर या जागेचा नव्हे.

इथे नावाजलेला मालही म्हातारा होतो. १९८१च्या बीबीसी मायक्रो या ब्रिटिश संगणकाच्या पॉवर सप्लायमधले रिफा कंपनीचे कागदी एक्स कंडेन्सर शौकिनांना चांगलेच परिचित आहेत. बाहेरच्या पारदर्शक वेष्टणाला बारीक चिरा पडतात, कागद ओल ओढतो, आणि कित्येक वर्षांनी मशीन सुरू केलं की खोलीभर धूर. असा चिरा पडलेला कंडेन्सर दिसला, की चालू असला तरी आधी काढावा.

ज्यांना हात लावू नये

आता उलट बाजू. काकांच्या सेटमध्ये आयएफ ट्रान्सफॉर्मरच्या डबीतले आणि ऑसिलेटरपाशी बसलेले कंडेन्सर तसेच राहिले. ते अभ्रकाचे होते, आणि त्यांची व्हॅल्यू काटेकोर असावी लागते. पुणे आकाशवाणी डायलवर ७९२ किलोहर्ट्झला लागायची असेल, तर तिथले काही पिकोफॅरड इकडचे तिकडे होऊन चालत नाही. चांगला अभ्रकी काढून त्या जागी हाताला येईल तो सिरॅमिक लावला, की डायल सरकते, तापल्यावर स्टेशन हलतं, आणि अलाइनमेंट नव्याने करावी लागते. बदलायची वेळच आली तर सिल्व्हर मायका, पॉलिस्टायरिन किंवा ‘एनपीओ’ जातीचं सिरॅमिक. ‘एक्स ७ आर’सारखं स्वस्त सिरॅमिक तापमान आणि व्होल्टेज बदललं की आपली धारणशक्तीही बदलतं; बायपासला ठीक, ट्यूनिंगला नाही.

मुलार्डचे पिवळे, मोहरीच्या रंगाचे पॉलिएस्टर कंडेन्सर सेटमध्ये आढळले तर तेही बहुधा जसेच्या तसे ठेवता येतात. रंगीत पट्ट्यांच्या त्यांच्या भाऊबंदांचंही तसंच. मोजावे, गळती बघावी, आणि निर्दोष असले तर पुढे जावं. विनाकारण बदललेला प्रत्येक कंडेन्सर म्हणजे सोल्डरिंग आयर्नने पुन्हा तापवलेला एक जुना टॅग, ओढली गेलेली एक ठिसूळ वायर आणि चुकीच्या जागी जोडण्याची एक संधी.

धन कुठे, ऋण कुठे

ट्रान्झिस्टर रेडिओत व्होल्टेज लहान, म्हणून जिवाची भीती नाही. पण दिशेची गफलत फार. ओसी ४४, ओसी ७१, एसी १२८ हे जर्मेनियम ट्रान्झिस्टर पीएनपी जातीचे. त्यांच्या सेटमध्ये पुष्कळदा बॅटरीची धन बाजू चॅसिसला असते. ‘ऋण पाय चॅसिसला’ अशी सवय लागलेला हात इथे सगळे इलेक्ट्रोलिटिक उलटे बसवून मोकळा होतो. जुना काढण्याआधी फोटो काढून ठेवणं, हा मोबाइलचा दुरुस्तीला झालेला सगळ्यात मोठा उपयोग.

दुसरी गफलत टँटलमची. अॅल्युमिनियमच्या कंडेन्सरवर पट्टी असते ती ऋण पायाकडे, टँटलमवर खूण असते ती धन पायाकडे. उलटा बसला, किंवा व्होल्टेजच्या काठावर चालवला, की टँटलम बहुधा शॉर्ट होतो, आणि कधी कधी जळतो. म्हणून १२ व्होल्टच्या लाइनवर २५ किंवा ३५ व्होल्टचा घ्यावा.

संगणकाच्या मदरबोर्डवर प्रश्न आणखी वेगळा. १९९९ ते २००७च्या सुमाराच्या अनेक बोर्डांवर कंडेन्सर फुगले, वरची खाच फाटून तपकिरी रस बाहेर आला. पाण्याचं प्रमाण जास्त असलेल्या, नीट स्थिर न केलेल्या इलेक्ट्रोलाइटमधून हायड्रोजन सुटत होता. डेलच्या ऑप्टिप्लेक्स जीएक्स २७० आणि २८० या मॉडेलांना याचा मोठा फटका बसला, आणि कंपनीला दुरुस्तीसाठी ३० कोटी डॉलरची तरतूद करावी लागली. अशा बोर्डावर १००० मायक्रोफॅरड, ६.३ व्होल्ट एवढं जुळवून भागत नाही. तिथला पुरवठा सेकंदाला लाखो वेळा चालूबंद होतो, म्हणून अंतर्गत रोध अत्यल्प असलेला, ‘लो ईएसआर’ जातीचा, आणि वाहणारी लहर सोसणारा कंडेन्सर लागतो. साधा लावला तर बोर्ड सुरू होईल, कंडेन्सर तापेल, आणि काही दिवसांत पुन्हा फुगेल. रेडिओच्या फिल्टरला लो ईएसआरची गरज नाही. इथे त्याच्यावाचून चालत नाही.

बाजारात

मुंबईत लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. भडकमकर मार्ग, आणि पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाचा परिसर, ही सुट्या भागांची ठिकाणं. दोन्हीकडे माल मिळतो, फक्त काय मागायचं ते ठरवून जावं. दोन्ही टोकांना पाय असलेले आडवे कंडेन्सर आता कमी मिळतात; एकाच बाजूला पाय असलेले उभे घेऊन, एका पायावर स्लीव्ह चढवून आडवे बसवावे लागतात.

‘जुना पण न वापरलेला’ कागदी कंडेन्सर कुणी कौतुकाने दिला तर नम्रपणे परत करावा. कागद वापराने खराब होत नाही, वयाने होतो. कपाटात पडून राहिलेला इलेक्ट्रोलिटिकही तसाच.

नकली मालाची एक ओळख वजनाची. मोठ्या डबीवर ४७० मायक्रो, ४५० व्होल्ट छापलेलं, पण हाताला हलकी. फोडली तर आत छोटा कंडेन्सर. धारणशक्ती मीटरवर कळते, व्होल्टेज कळत नाही, म्हणून व्होल्टेज खोटं छापणं सोपं. मेन्स किंवा एचटीच्या जागेसाठी ओळखीच्या ब्रँडचा, ओळखीच्या दुकानातलाच घ्यावा. घासाघीस करायचीच तर ती बायपासच्या कंडेन्सरवर करावी.

चिठ्ठी

काम संपल्यावर काकांनी काढलेले कंडेन्सर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पेटीच्या आत बांधले, आणि मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला चिठ्ठी चिकटवली: तारीख, बदललेल्या जागा, जुनी आणि नवी व्हॅल्यू, आणि न बदललेल्यांचीही यादी.

संग्राहकांमध्ये एक मत असं आहे, की मूळ कंडेन्सर काढला की सेटचं मोल जातं. दुसरे जुनी नळी पोकळ करून आत नवा कंडेन्सर लपवतात आणि वर मेण ओततात. लपवण्यात गैर काही नाही, चिठ्ठी असेल तर. चिठ्ठी नसेल, तर पुढचा मेकॅनिक वरची जुनी छपाई वाचून नव्या मालाला जुना समजेल, किंवा जुन्याला नवा.

पण मूळ कागदी कंडेन्सर जागेवर ठेवून सेट वाजवत राहणं, याला जतन म्हणता येणार नाही. ०.०१ मायक्रोचा तो कागद अस्सल राहतो आणि त्यापायी आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो, जो आता बाजारात मिळत नाही. कंडेन्सर बदलून मिळतो. गुंडाळलेलं लोखंड आणि तांबं मिळत नाही. ज्याला सेट जसा निघाला तसाच ठेवायचा आहे त्याने प्लग कापून तो कपाटावर ठेवावा. ज्याला तो ऐकायचा आहे त्याने ग्रिड, फिल्टर आणि मेन्स, या तीन जागा आधी नव्या करून घ्याव्यात. बाकीचं मोजून ठरवता येतं.